मेंबराच्या गोठ्यातला नळ

अहो, गोठ्यात! नळ आमच्या गल्लीचा, मंजुरी गल्लीच्या नावानं, आणि बसवला कुठं? तर म्युन्शिपाल्टीचे मेंबर तात्यासाहेब, त्यांच्या गोठ्यात! म्हशी नळाचं पाणी पितायत न् आमच्या बाया हंडे घेऊन गंगेवर, गोदावरीच्या घाटावर... बसा, नीट बसा, स्टेशनापासून नाशिक लांब हाय, घोडा त्याच्या चालीनं जाईल, मला मात्र बोलल्याबिगर राहवत नाय.

तुम्हाला सांगतो, गल्ली सगळी टांगेवाल्यांची. टांग्याचं लायसन कुणाच्या हातात? मेंबराच्या! मग बोलणार कोण? शेजारचा रहेमान म्हणाला, "गेणूभाई, चूप बैठो. लायसन गेलं तर घोड्याला काय पाणी पाजून जगवणार?" बसलो गप. पण आमची चतुराबाई? ती गेली थेट कोर्टात, फिर्याद ठोकली! बायको कुणाची? आपली!

लगेच तात्यासाहेबांचा माणूस दारात, हातात लुगडं. "बाई, मेंबरसाहेबांनी प्रेमानं दिलंय हो, आता फिर्याद तेवढी मागं..." हिनं लुगडं घेतलं! मी म्हटलं, संपलं. कुठलं संपलं? तारखेला तेच लुगडं मॅजिस्ट्रेटच्या टेबलावर! "साहेब, ही लाच. आणि किनार बघा, रंगसुद्धा जाणारा!" कोर्ट हसतंय, मला घाम फुटलाय... पण बायको कुणाची?

मग उठला त्यांचा वकील, नाकात बोलणारा. "नळ सार्वजनिकच आहे, युवर ऑनर! माझ्या अशिलानं उदार मनानं जागा दिली. दार उघडं आहे, कोणीही यावं, पाणी भरावं!" तात्यासाहेब आपले मान डोलावतायत. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "बाई, अन्याय दिसतो. पण मेंबरानं नळ कुठं बसवावा याला कायद्यात कलम नाही. आणि लाच देतात सरकारी नोकराला. तुम्हाला दिली ती भेट."

"कलम नाही तर करा की साहेब!" ही कडाडली. "चोर येवढे शिकले, न् कायदा अजून पहिलीतच?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला... आणि खटला काढून टाकला. लुगडंही भेट म्हणून हिलाच परत केलं!

मी घरी तोंड पाडून बसलो. ही म्हणते, "रडताय काय? दार उघडं हाय, वकीलच बोलला ना?" सकाळी ही, रहेमानची जहिदा, चिमणाबाई, सगळी गल्ली हंडे घेऊन गोठ्यात! तात्यासाहेब धोतर सावरत बाहेर. "ही काय धर्मशाळा आहे?"

"कोर्टात तुमच्याच वकिलानं सांगितलं, तुम्ही मान डोलावलीत. आता नाही म्हणता? मग कोर्टाला फसवलंत! त्याला तरी कलम असेल ना?"

मेंबर आले तसे आत! रोज पहाटे हंड्यांचा खणखणाट, बायांची भांडणं... म्हशी बिथरल्या, दूध देईनात. शेवटी तात्यासाहेबांनीच नळ उपटून गल्लीत बसवला, वर नारळ फोडून भाषण ठोकलं. लायसनाला हात लावायची छाती झाली नाय. बायको कुणाची, सांगा!

आता सटाण्याहून, घोटीहून माणसं हिच्याकडं येतात. कुणाच्या मेंबरानं रस्ता वळवला, कुणाच्यानं विहीर बळकावली. ही सगळ्यांना घेऊन कोर्टात, जोडीला जहिदा, चिमणाबाई न् गल्लीतल्या साऱ्या बाया. तुम्ही सकाळी या ना आमच्या नळावर, सगळे टांगेवाले रांगेत दिसतील, डोक्यावर हंडे! परवा नंबरावरून रहेमानशी माझी मारामारी झाली, बायांनी झिंज्या ओढाव्यात तशी... आणि सोडवायला गल्लीत बाई एक नाय!