पांढऱ्या झाकणांच्या बाटल्या

(कुरुंदा. मसाजी आणि त्याची बायको सत्यभामाबाई यांच्या घराची ओसरी, सकाळचे दहा. वास गेलेल्या माणसांना झाडपाल्याच्या चूर्णाने आणि रोजच्या सरावाने गुण येतो का, याचा अभ्यास चालू आहे. त्यासाठी बारा आठवडे येणारी पुनम आज शेवटच्या तपासणीला आली आहे.)

पुनम : उपरणं नुसतं धरू नका काका, डोळ्यांवर बांधा.

मसाजी : बांधतो की. पर झाकणं काहून बदलली? लाल, हिरवं, पिवळं, निळं होतं. आता समदी पांढरी.

पुनम : डोळे बांधल्यावर झाकणाचा रंग कशाला लागतो तुम्हाला?

मसाजी : लागत न्हाई. आपलं इचारलं.

सत्यभामाबाई : मी चहा ठेवते.

पुनम : नंतर, काकू. बसा ना. हं, ही पहिली. सावकाश हुंगा.

मसाजी : लवंग.

पुनम : नक्की?

मसाजी : बराबर. लवंगच हाय.

पुनम : ही दुसरी.

मसाजी : झोंबली नाकाला. निलगिरी.

पुनम : निलगिरी वास येत नसला तरी झोंबते, काका. आणि पहिल्या बाटलीत नुसतं पाणी होतं.

मसाजी : मग लिवा की एक चुकली म्हणून. माणूस चुकतो.

पुनम : तेच तर. बारा रविवार, अठ्ठेचाळीस उत्तरं, आणि एकही चूक नाही. धडधाकट नाकाचा माणूसही चार-पाच ठिकाणी चुकतो. मला पहिल्याच महिन्यात विचारायला हवं होतं. नाही विचारलं. आमचे सर तुमच्या उत्तरांचं कार्ड सगळ्यांना दाखवत होते, मलाही बरं वाटत होतं.

मसाजी : उपरणं सोडू का?

पुनम : सोडा.

मसाजी : आमचं चूर्ण खरं होतं का, बाई?

पुनम : ते मलाही सांगत नाहीत. चाळीस माणसं आहेत. वीस जणांना खरं, वीस जणांना तसंच दिसणारं, बिनऔषधाचं. बाटल्या मात्र सगळ्यांना. म्हणून कार्ड खरं लागतं. तुमच्या उत्तरांमुळं ते चूर्ण गुणाचं ठरलं, तर उद्या कुणीतरी तेच खात बसेल.

मसाजी : बाटल्या ही द्यायची हातात. मी डोळे मिटल्यासारखं करायचो. झाकण दिसायचं.

पुनम : पण कशासाठी? तुम्हाला कुणी रागावणार नव्हतं. वास येत नाही, एवढंच सांगायचं होतं.

मसाजी : तुमच्यासाठी एवढंच. पंचवीस वर्षं झाली, या भागात हळद शिजवायचं मोठं कुकर लागलं की मला बोलावतात. वाफेचा वास घ्यायचा आन सांगायचं, शिजली, काढा. काडी टोचून तर कुणीबी सांगतं. मागं ताप आला, त्यात वास गेला. मग गावाला काय सांगू? कार्डावर बरा झालो म्हणजे झालो, असं वाटलं.

सत्यभामाबाई : आन त्या हट्टा गावात काय झालं?

मसाजी : तू गप.

सत्यभामाबाई : लई दिवस गपच होते. हट्ट्याला शिवप्रसादच्या कुकरवर काडी काहून टोचली न्हाई?

मसाजी : चार माणसं बघून राहिली होती. काडी घेतली असती तर इचारलं असतं.

पुनम : काय झालं तिथं?

मसाजी : उशीर झाला. हळद जास्त शिजली. काळपट पडली.

पुनम : मग तुम्ही सांगितलं त्यांना?

सत्यभामाबाई : सांगितलं की. वसरामचं नाव सांगितलं. तांड्यावरचा हाय, चौदा वर्षं ह्यांच्या बरोबर कुकरखाली जाळ घालतो. चार माणसांत म्हणले, त्यानं जाळ जास्त केला. दोन महिने झाले, त्याला कुणी जाळावर बोलवत न्हाई.

मसाजी : तो तिथंच उभा होता. माझ्याकडं बघत राहिला नुसता.

पुनम : त्याला माहीत होतं?

मसाजी : जाळ त्यानं घातला होता. किती घातला, त्याला माहीत न्हाई का?

सत्यभामाबाई : मला बी माहीत होतं.

मसाजी : काय?

सत्यभामाबाई : वास अजून येत न्हाई ते. बाटल्या आल्या त्या पैल्याच आठवड्यात दूध उतू जाऊन करपलं. तिसऱ्या घरातली सृष्टी पळत आली, काकू काय जळून राहिलं म्हणत. तुमी चुलीकडं पाठ करून भाकर खात होता. वरून मला म्हणलात, आज कालवण खमंग झालं.

मसाजी : मग बोलली काहून न्हाईस?

सत्यभामाबाई : आज सांगतील, उद्या सांगतील. डोळे किलकिले करून झाकणं बघत होता, ते बी बघितलं. उलट बाटली अशी धरली की तुमाला नीट दिसावं.

पुनम : काकू.

सत्यभामाबाई : व्हय बाई. खोट्यात माझा बी हात हाय. मग एक दिवस चंदाबाई आली, वसरामची बायको. म्हणली, काकू, माझा माणूस जाळ जास्त घालणारा हाय का, तुमीच सांगा. मी पीठ मळत राहिले. मान वर केली न्हाई. पाणी बी इचारलं न्हाई तिला.

मसाजी : कवा आली होती?

सत्यभामाबाई : तुमी बाटल्या हुंगत होता तवा. तुमी हितं ओसरीवर, ती मागच्या दारानं.

पुनम : काका, हे कार्ड मी आता अभ्यासात धरू शकत नाही. कारण लिहावं लागेल.

मसाजी : खोटं बोलला म्हणून लिवा.

पुनम : तसा रकाना नाही.

मसाजी : मग कडेला लिवा. खाली अंगठा मागितला तर तो बी देतो, सही येत असून.

पुनम : अंगठा नको. बाटल्या ठेवून जाते, सराव सोडू नका. कुणाचा वास वर्षानं परत येतो, कुणाचा येतच नाही. पण आता जे येईल तेच सांगा. येत नसेल तर येत नाही म्हणा.

मसाजी : येत न्हाई, बाई. काहीच येत न्हाई.

पुनम : लिहिलं.

मसाजी : शिवप्रसादला फोन लावतो.

सत्यभामाबाई : फोनवर न्हाई. नाव चार माणसांत घेतलं होतं, चार माणसांतच बोला. पर हट्ट्याला मागून जाऊ. आधी तांड्यावर चला.

मसाजी : तू बी येतेस?

सत्यभामाबाई : चंदाबाईशी मला बोलायचंय. ते तुमी बोलून व्हणार न्हाई.

मसाजी : गेल्यावर पैलं काय बोलावं, कळंना.

सत्यभामाबाई : पैलं ते बसा म्हणतात का, ते बघा.