बंद नाही, चालू आहे!

...बंद नाही हो, चालू आहे! किती वेळा सांगायचं माणसानं? तुम्हाला सांगतो, मंगरूळपीर ते वाशीम एवढ्या रस्त्यात हे वाक्य मी अकरा वेळा म्हटलं. डायरीत नोंद आहे. आता आमच्याकडे रीतच अशी, की उभ्या गाडीचा आवाज येत नसला की ती बंद पडलेली, आणि बंद पडलेली दिसली की धक्का मारायचा. विचारायचं नाही, आधी धक्का!

आणि आमच्या चिरंजीवांनी, सार्थकनं, घेतली हायब्रिड. क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत. तीस वर्षं जीप चालवलेला माझा डावा पाय क्लच शोधतोय आणि सापडतोय ब्रेक! पण मी धीराचा माणूस. चार संध्याकाळी बसून समजून घेतलं, डायरीत आकृती काढली. मधे एक चक्र, त्याच्याभोवती फिरणारी लहान चक्रं, बाहेर मोठं कडं. इंजिन फिरवतं लहान चक्रांना. त्याचा काही जोर कड्यातून चाकांना, काही मधल्या चक्रातून वीज करायला. आता इंजिनाचं कसं, जागेवरून उठताना जोर कमी आणि पेट्रोल मात्र ढोसतं! तिथं विजेची मोटर पहिल्या क्षणापासून ओढते. वेग आला की मग इंजिन उठतं आणि स्वतःला मानवेल त्याच चालीनं फिरतं. म्हणजे उठताना एक बैल, सपाटीवर दुसरा... आणि गाडी थांबली की दोन्ही गप्प! झाली ना पंचाईत?

तर गुरुवारी विहीणबाईंना, म्हणजे आमच्या लेकीच्या, तनुजाच्या, सासूबाईंना, वाशीमला रेल्वेवर सोडायचं होतं. तीन आठवडे मुक्काम, आणि रोज आमच्या सौभाग्यवतीच्या, वच्छलेच्या, वरणात खोट. त्यांची रेल्वे आठवड्यातून एकदाच. निघताना वच्छलेनं फाटकाशी गाठलं, "हे पाहा, रेल्वे चुकली तं तुमी बी घरी येऊ नका!"

निघालो. पुढे रस्त्याचं काम. थांबलो, इंजिन गप्प. मागे आमच्या गावातल्या गोपीचंदचा वांग्यांचा पिकअप. उतरलाच तो दोन माणसं घेऊन!

"बसा काका, तुमी फकस्त सेकंड टाका, आमी ढकलतो!"

"अरे, बंद नाही, चालू आहे!"

"मंग आवाज कुठी हाये?"

"आवाज नसतो तिला!"

"लाजता काहून? गाडी हाये, पडतेच बंद!"

ढकलली! पुढे शेळ्या आडव्या आल्या, पुन्हा ढकलली! तिसऱ्यांदा मी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन असा ओरडलो, की मागच्या सीटवर विहीणबाईंच्या हातातली सुपारी उडाली. गोपीचंद रुसला. "ऱ्हायलं! आता मेली तरी हात लावत नाही."

या गडबडीत समोर पेट्रोलचा पिवळा दिवा लागलेला. म्हटलं, वीज तर ही घरचीच करते, पोचू की! चक्राचा दात न् दात डायरीत उतरवला मी... पण ती वीज येते पेट्रोलातूनच, एवढी एक ओळ लिहायची राहिली. वाशीम पाच किलोमीटरवर, आणि आधी इंजिन गेलं, मग मोटरनं जरा ओढत नेलं, मग तीही गेली. रेल्वेला वीस मिनिटं!

मागून गोपीचंद. मी दोन्ही हात हलवले. त्यानं वेगसुद्धा कमी केला नाही. "चालू हाये काका, चालू हाये! आवाज नसतो तिले!" आणि पिकअपमधली दोन्ही माणसं हात हलवतायत... टाटा!

मग एक मोटरसायकलवाला भला माणूस थांबला. एकटाच होता हो, मागची सीट रिकामी! विहीणबाई बसल्या असत्या, पोचल्या असत्या. त्यानं विचारलं, "बंद पडली काय, काका?" आणि माझं हे तोंड, सवयीनं, दुखावलेल्या अभिमानानं, काय बोलावं त्यानं?

"नाही हो, चालू आहे!"

गेला तो. मागून विहीणबाई म्हणतात, "व्याही, मंग झाडं काहून मागं जाऊन नाही राह्यली?"

आज सहावा दिवस. वच्छला माझ्याशी अवाक्षर बोललेली नाही. सकाळी विहीणबाई वरण चाखून विचारतात, "व्याही, घरात येवढं गपगार काहून? काई बिघडलं काय?"

म्हटलं, नाही हो... बंद नाही, चालू आहे. आवाज नसतो, एवढंच.