भट्टीवरचं ओलं फडकं

अरे, माझ्या नोटिशीचं सांगितलं का तुम्हाला? कारखान्यातल्या भट्टीत जास्त तापून गिअरची आख्खी खेप बाद झाली. मॅनेजरसाहेब नोटीस पुढे करून मला म्हणाले, “मीटर झूट नै बोलता, मॅडम. गलती आपकी, साइन करो.”

मी म्हटलं, “नाही करत! भट्टीचं तापमान मीटरला कळवणारी थर्मोकपलची तार तुटल्यावर आबिड्सच्या बाजारातून साधी तांब्याची वायर आणून जोडलीत तुम्ही. तो जोड तापला की मीटर कमी दाखवतो, म्हणून भट्टी जास्त तापते.”

“प्रूफ क्या है?”

मी भट्टी बंद केली आणि बाहेर, त्या जोडाच्या डबीवर ओलं फडकं टाकलं. जोड गार झाला तसा, भट्टी बंद असूनही मीटर चक्क वर चढायला लागला.

मी नोटीस त्यांच्याच हातात ठेवली. “लिहा आता, मॅडमनी बंद भट्टी ओल्या फडक्यानं तापवली. लगेच सही करते.”