काचकाकांची फळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष असलेले आपले कुलगुरू, या एका संध्याकाळसाठी दोन विमानं बदलून आलेल्या, याच विद्यापीठात शिकलेल्या प्रमुख पाहुण्या, व्यासपीठावरचे मान्यवर, सहकारी आणि विद्यार्थी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते, चौतीस वर्षं ज्यांना आपण काचकाका म्हणत आलो ते काका आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू,

रीत अशी की भेटवस्तू शेवटी द्यायची. मी आधी देते आहे. काका, ही पेटी पदार्थविज्ञान विभागाकडून. उघडा, आणि आतली वस्तू नेहमी बघता तशी बघा. सावकाश.

काकांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं, ते तुम्ही पाहिलंत. रागावू नका. बर्नरच्या घोंघाटात त्यांचे कान गेले, आणि भाषण सुरू झालं की ते यंत्र काढतात. प्रत्येक कुलगुरूंच्या भाषणाला काढलं आहे, त्यामुळे यात कुणाचा अपमान नाही. आज ते माझ्या सोयीचं आहे. मी सांगणार आहे ते त्यांनी इतक्यात ऐकू नये. काकू, कृपा करून कोपराने ढोसू नका.

या सभागृहाच्या भिंतीवर बावीस नावं आहेत. सोनेरी अक्षरं, वर शीर्षक: आमचे नामवंत माजी विद्यार्थी आणि अध्यापक. कुणी धातू शोधला, कुणी औषध, कुणी ताऱ्यांचं अंतर मोजलं. नवीन विद्यार्थी पहिल्या दिवशी तिथे उभे राहून फोटो काढतात. मीही काढला होता. माझी मान आखडली, कारण पाहुण्यांचं नाव फार वर आहे.

पण अशी आणखी एक यादी आहे. ती तळघरात, प्रयोगांची काचेची उपकरणं जिथे घडतात त्या काचशाळेत, बर्नरच्या मागच्या फळीवर आहे. तिथे फुटलेली उपकरणं ठेवलेली आहेत. नळ्या, फुगे, तोट्या. काकांनी करून दिलेली आणि आपण फोडलेली. प्रत्येक तुकड्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर नाव नसतं. कारण असतं, आणि तेही एका शब्दात. ते कारण काका लिहितात, आपण सांगायचं नाही. "तुम्ही सांगता ती सबब असते," असं काका म्हणतात.

भिंतीवरच्या बावीसपैकी नऊ जण त्या फळीवरही आहेत. नावं नसली तरी काकांना तोंडपाठ आहेत, आणि काकांना विचारलं तर ते सांगतात. आज अतिशीत तापमानाबद्दल जगात ज्यांचा शब्द चालतो, त्या आपल्या पाहुण्यांच्या नळीला चिठ्ठी आहे: 'गप्पा'. गप्पा कुणाशी, हे मी सांगणार नाही. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत आणि पाहुण्यांनी नंतर त्यांच्याशी लग्न केलं.

अध्यक्ष महोदयांच्या चिठ्ठीवर दोन शब्द आहेत. हा एकच अपवाद. 'मी नाही.' हे कारण नव्हे, ते सरांचं त्या दिवशीचं वाक्य आहे.

सर हसत आहेत, म्हणजे मी पुढे बोलायला हरकत नाही.

माझी चिठ्ठी 'घाई'. माझं नाव भिंतीवर नाही आणि येणारही नाही, पण ही गोष्ट मला सांगायलाच हवी. मी संशोधन करत होते तेव्हा माझ्या नळीतल्या वायूचा दाब रोज किंचित वाढायचा. आजवर कुणी नोंदवलं नव्हतं असा वाढायचा. सात महिने मी आकडे घेतले. निबंध लिहिला, पाकीट चिकटवलं. पोस्टात जाताना काचशाळेत डोकावले, कौतुक करून घ्यायला. दुसरं काय?

"पोरी, नळी घेऊन ये," काका म्हणाले.

"काका, आकडे तीनदा तपासलेत."

"आकडे तू तपासलेस. नळी कुणी तपासली?"

त्यांच्याकडे ठिणगी सोडणारी एक कांडी आहे. ती त्यांनी नळीवरून फिरवली. ठिणगी काचेवर इकडेतिकडे सरपटत राहिली आणि एका सांध्यापाशी आल्यावर सुईसारखी सरळ आत घुसली. तिथे भोक होतं. केसाहून बारीक. माझा शोध म्हणजे बाहेरून आत झिरपणारी खोलीतली हवा होती. सांधा गरम असतानाच मी नळी उचलून नेली होती.

मी रडले. काका म्हणाले, "रड. पण बर्नरपासून लांब."

मग त्यांनी नवीन नळी केली. मला आणखी दोन वर्षं लागली. निष्कर्ष लहान निघाला, पण खरा निघाला. पाकीट मी फाडलं. ते गेलं असतं तर आज या माइकवर दुसरं कुणी असतं. ज्यांची चूक दाराबाहेर पडण्याआधी अडली, अशा लोकांची यादी कोणतंच विद्यापीठ भिंतीवर लावत नाही. लावावी तरी कशी? ती फार लांब होईल.

काका, बघताय ना? सावकाश. त्यांना ऐकू येत नाही हे मी विसरते.

आता मूळ मुद्दा. काका निवृत्त झाले की त्यांची जागा रद्द करायची आणि काचशाळेची बैठकीची खोली करायची, असा विषय तीन आठवड्यांपूर्वी विद्यापीठाच्या सभेत आला. आपल्याकडे बैठकीच्या खोल्या नऊ आहेत. दहावीत बसून बाकीच्या नऊंचं काय करायचं ते ठरवता येईल.

मी म्हटलं, आपल्या प्रयोगशाळा सहायक ताई नऊ वर्षं रोज काम संपल्यावर काकांशेजारी बसून काच शिकल्या आहेत. त्यांना नेमा. सभेने विचारलं, प्रमाणपत्र आहे का? नाही. शिफारस? मी काकांकडे गेले. ते म्हणाले, "माझ्या शब्दावर माणूस नेमू नका. काम बघा."

हे मी पुढच्या सभेत सांगितलं तेव्हा अध्यक्ष महोदय म्हणाले, "काका ज्या दिवशी कुणाचं काम पास करतील, त्या दिवशी मी सही करतो." सगळे हसले, कारण काका इतरांच्या कामाचं काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. वाईट असेल तर उजव्या हाताला, चुऱ्याच्या डब्यात. चांगलं असेल तर डाव्या हाताला, न बोलता. डावी बाजू बहुतेक रिकामीच असते.

सभेचं इतिवृत्त मी लिहिते. ते वाक्य मी लिहून घेतलं. त्यानंतरच्या सभेत ते मंजूरही झालं.

मंडळी, पेटीतली वस्तू ताईंनी केली आहे. काचेच्या फुग्याच्या आत फुगा, दोन्ही एकाच सांध्यावर तोललेले. काकांना वाटतंय आम्ही बाजारातून आणली. ताई शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसल्या आहेत. काल त्या म्हणाल्या, "मॅडम, सगळ्यांसमोर त्यांनी उजवीकडे टाकलं तर?" मी म्हटलं, आपण खोलीत दाखवू. त्यांनी थोडा विचार केला. "नको. सगळ्यांसमोरच. आणि टाकलं तर फळीवर ठेवा, चिठ्ठीसकट."

काकांनी आता खिशातून दोन काळ्या चकत्या काढल्या. त्यांच्यामधून काच बघितली की आतला ताण रंगीत पट्ट्यांसारखा दिसतो. ताण असेल तर काच आज नाहीतर महिन्याने तडकते. मी थोडा वेळ थांबते.

आज उजवीकडे डबा नाही. उजवीकडे अध्यक्ष आहेत, डावीकडे काकू.

सांधा बघत आहेत.

परत बघत आहेत.

काकूंच्या मांडीवर ठेवलं.

टाळ्या नंतर वाजवा, काका यंत्र कानात घालत आहेत. ते काकूंना काहीतरी म्हणाले. मागे ऐकू गेलं नसेल म्हणून सांगते. ते म्हणाले, "सांधा बघ. घाई केली नाही." आणि मला विचारत आहेत, कुठल्या दुकानातून आणलं.

काका, शेवटच्या रांगेतून.

ताई, उभ्या राहा. काकांना लांबचं नीट दिसतं.

अध्यक्ष महोदय, तुम्ही खिसे चाचपता आहात. पेन हवं असेल तर हे घ्या. ताईंच्या नेमणुकीचा कागद त्या फुलदाणीखाली आहे, मी दुपारीच ठेवला होता.

काका, तुम्ही घडवलेली माणसं भिंतीवर आहेत आणि तुम्ही वाचवलेली या खुर्च्यांवर. काकू, चौतीस वर्षं रोज शर्टाला पडलेली भोकं शिवलीत, त्याबद्दल विद्यापीठ तुमचं ऋणी आहे. पाहुण्यांचे, अध्यक्षांचे आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात माझ्याकडून कुठे तडा गेला असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. तेवढं मन होत नसेल, तर चिठ्ठी बांधून फळीवर ठेवा. चिठ्ठीवरचं कारण यापुढे ताई लिहितील.