तांदळाला धुकं लागत नाही

—नाही हो पाहुणे, अजून आलेलं नाही विमान. आलं की कळेलच, वाट्या खणखणायला लागतात माझ्या. बसा, चहा घ्या. जलाल-आबादला ना? लांब? छे हो, हवेतून शंभर किलोमीटर, अर्धा तास. इथं काझारमानला चहा प्यायला की तोंडाची चव जायच्या आत तिकडं—असं माझा भाऊ म्हणायचा. कुबात. धाकटा. हिवाळ्यात घाट बर्फानं बंद, मोटारीनं जायचं तर सगळ्या मुलखाला वळसा, दोन दिवस—पण "बुरुलताई, विमान आहे की! अर्ध्या तासाचं तर अंतर, हाक मार, आलोच." त्याच अर्ध्या तासाच्या भरवशावर गेला बघा. खरं तर आमच्यात धाकट्यानं आईजवळ राहायचं असतं. राहिले मी.

अन् मारली की हाक! आई गेली तेव्हा. आज चाळिसावा दिवस तिचा—रोटी मोडा ना, लाजता काय—ती गेली तेव्हा अंगणात तंबू उभारला, आईला आत ठेवली, देह टिकावा म्हणून शेगडीसुद्धा पेटवली नाही. थांबलो गारठत. का? मुलगा यायचाय. तंबूबाहेर काठीवर रेलून हंबरडा कुणी फोडायचा? मुलानंच ना? काठीसुद्धा तोडून आणून ठेवलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी ह्याचा फोन—"ताई, इकडं धुकं आहे गं, विमान उडत नाही." आता धुक्यापुढं कुणाचं काय चालतं? मी तंबूत गेले, आईच्या कानाशी वाकले, म्हटलं, धुकं आहे आई, विरलं की येतोच तो. आणि तेवढ्यात डोक्यावरून घरघर! मी अनवाणी बाहेर—आला, आला माझा कुबात!—सगळ्या गावासमोर ओरडले हो. जीप पिटाळली इकडं विमानतळावर.

जीप आली. तांदूळ घेऊन. पोतंभर, उझगेनचा तांबडा, जेवणावळीसाठी. आमच्या शाळेतल्या मास्तरीणबाई त्याच विमानातून उतरलेल्या, त्यांना विचारलं, धुकं फार होतं ना हो? म्हणाल्या, कसलं धुकं, लख्ख ऊन! कुबात स्वतः आला होता म्हणे विमानापर्यंत, पोतं चढवलं आणि मागं फिरला. म्हणजे बघा, तांदळाला धुकं लागलं नाही, पोटच्या पोराला लागलं... काय म्हणता? आजारी असेल? पोतं उचलणारा आजारी? मेलेलं बघवत नसेल? मग मी काय हौसेनं बघत होते? दगा दिला त्यानं, दुसरा शब्द नाही माझ्याजवळ. काठीवर शेवटी चुलतभाऊ रेलला. त्या बिचाऱ्याला धड रडताही येईना.

त्या फोनवर मी काय म्हटलं त्याला? नुसतं "हो का, धुकं का" एवढंच. काल पुन्हा फोन—"ताई, उद्या चाळिसाव्याला येतो, तुमच्याकडून येणारं विमान इथून परत फिरेल त्यात बसतो, अर्ध्या तासाचं तर अंतर." तेच शब्द! जीभ कशी झडत नाही...

वाट्या वाजल्या. उठा, आलं तुमचं विमान. थांबा—बाकाखालचं ते पोतं तुमच्याबरोबर जाणार आहे. फार लांब न्यायचं नाही हो, तिकडं फाटकाशीच उभा असेल तो, विमानात बसायला. शिवण उसवलेली नाही, आलं तसंच आहे. हातात द्या त्याच्या, आणि सांगा, ताईनं निरोप दिलाय—काझारमानला धुकं आहे.

वर काय बघताय? ऊन आहे, दिसतंय मला. टोपी पुढं ओढा, डोळे दिपतील. चहाचे पैसे राहू द्या. जा.