परडीखालचं कासव

मला वाटलं होतं, बाबांचे मित्र हा परका देश सोडून पुण्याला परत जाताना मला साधं हिरवं कासव देऊन जातील. डबा उघडला, तर पाठीवर पिवळ्या चांदण्या. आईने त्याला हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यापुढे ठेवलं. ते काय खातं हे नेटवर शोधताना इथला कायदा समोर आला, तशी मी बाबांकडे पळाले.

"बाबा, हे इथे पाळायला बंदी आहे."

"माझा इथे नोकरी करायचा पास जाईल गं. इमारतीखालच्या तळ्यात सोडून ये."

"जमिनीवरचं आहे, बुडेल ते."

तेवढ्यात बेल वाजली. आईने त्याच्यावर फुलांची परडी पालथी घातली. शेजारीण पार्सल द्यायला आली होती. तिच्यादेखत परडी सरकत सरकत दारापर्यंत आली. शेजारीण परडीकडे बघत बघत निघून गेली. ती तक्रार करेल या भीतीने रात्रभर कुणी झोपलं नाही.

सकाळी बाबा अंघोळीला गेल्यावर मी सरकारच्या प्राणी विभागाला फोन लावला आणि मालक म्हणून माझं नाव सांगितलं.