अकरा सेकंद

...नाही, पण मी काय म्हणतो, माणसानं चेहरा कोरा ठेवायचा म्हणजे किती ठेवायचा? हसू नका हो, तुम्हाला सांगतो, माझी नोकरीच ती आहे! तान्ह्या मुलांना काय दिसतं, काय कळतं, कोण ओळखू येतं, ते शोधायची प्रयोगशाळा आहे आमची. बाळ आईच्या मांडीवर, आईच्या डोळ्यांवर काळा चष्मा, म्हणजे तिनं खाणाखुणा करू नयेत, समोर पडदा आणि पडद्यामागे मी! पडदा सरकवायचा, चेंडू दाखवायचा, डब्याखाली लपवायचा, डबा उचलायचा... चेंडू गायब! बाळ किती वेळ बघतं ते डॉक्टरबाई मोजणार. आणि मी जरा जरी हसलो, की बाळ चेंडू सोडून माझ्याकडे बघणार, म्हणजे प्रयोग बोंबलला! म्हणून चेहरा कोरा ठेवायचा. सात वर्षं, रोज! बायको म्हणते, "लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखे बसता!" आता तोंडाला सवयच लागली, त्याला मी काय करू?

बरं, सुट्टी म्हणाल, तर सुट्टी कसली डोंबलाची? आईबाप मोकळे असतात तेव्हाच मुलं आणणार ना, म्हणजे रविवारी आमच्याकडे नुसती झुंबड! मी निघतो तेव्हा आमची चिमी झोपलेली, परततो तेव्हा झोपलेली. नऊ महिने हो! तेवढ्यात मी लोकांची तीनशे मुलं बघितली. बाळाला कितव्या महिन्यात काय कळतं, आठव्या महिन्यात परका दिसला की भोकाड का पसरतं, विचारा मला, झोपेतून उठवून विचारा! आणि चिमीला पहिला दात आला, ते मला कोणी सांगितलं? शेजारणीनं. जिन्यात!

तर त्या दिवशी चाळिसावं बाळ ऐन वेळी झोपलं. एकोणचाळीस झालेली, एक हवं. प्रयोग कसला, तर पडद्यामागे दोन माणसं बसवायची, एक बाळाचा बाप आणि एक परका. परका म्हणून रोज आमचे दारवानकाका बसायचे, आणि मिशी एवढी, की त्यांचा चेहरा कोरा आहे की नाही हे त्यांनाच ठाऊक! डॉक्टरबाई चष्मा वर सारून म्हणतात, "अहो, तुमची नऊ महिन्यांचीच ना? मग बोलवा की घरून!"

आली बायको. चिमी मांडीवर. मी डावीकडे, काका उजवीकडे. "चेहरा कोरा ठेवायचा!" बाई मागून ओरडल्या. ठेवला. सरकला पडदा... चिमीनं काकांकडे बघितलं. एक, दोन, तीन, संपलं! मग वळली माझ्याकडे. तीन... सात... दहा... अकरा! टक लावून! मान तिरकी, खालचा ओठ लोंबतोय, पापणी हलत नाही. अहो, एवढं तर लग्नाआधी बायकोनंही बघितलं नव्हतं माझ्याकडे! आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या मला, ओळखलं पोरीनं! आणि वरून? चेहरा कोरा.

पडदा पडल्याबरोबर धावलो बाईंकडे. "अकरा ना? अकराच ना?" बाईंनी पेन खाली ठेवलं. हळूच म्हणाल्या, "अहो, बाहेर आईबापांना रोज कोण समजावून सांगतं?" कोण म्हणजे? मी! "हे बघा ताई, ओळखीचं असेल त्यावरून बाळाची नजर चटकन उडते. जे नवीन, त्याच्याकडे ते बघत बसतं..." सात वर्षं तोंडपाठ! झालं? काका तीन सेकंद आणि बाप अकरा!

तेवढ्यात बायको काळा चष्मा काढून विचारते, "काय हो, ओळखलं ना बाबाला?" बाई माझ्याकडे बघतायत. मी चेहरा कोरा ठेवला.

आणि काका? "अगं ठमाबाई, तू इथे कशी?" म्हणून पुढे आले, तर चिमीनं झेपच घेतली आणि धरली की मिशी! बायको म्हणते, "अहो, आपल्याच खालच्या मजल्यावर राहतात ना ते! सहा महिने झाले येऊन. त्यांची ड्युटी सुटली की चिमी त्यांच्याकडेच तर असते!" आता मला कोण सांगणार हे? मी घरी असतो कधी?

हसा, हसण्यासारखंच आहे. पण तुम्हाला सांगतो, पोरगी अकरा सेकंद माझ्या तोंडावर काहीतरी शोधत होती, आणि मी तिला काही सापडू दिलं नाही. हसायला काय जात होतं माझं? बिघडला असता प्रयोग, बिघडू दे ना! लोक म्हणतात, या वयातलं मुलांना काही आठवत नाही. नसेल. मला आठवतं ना!

पंधरा दिवस रजा टाकली. बसलो चिमीसमोर फरशीवर मांडी घालून. हसायला गेलो, तर घाबरून रडायला लागली! बायको म्हणाली, "आधी थोडं थोडं हसा, एकदम सगळे दात नको." मग रोज थोडं. ती किती सेकंद बघते ते मनातल्या मनात मोजायचो, खोड जात नाही ना! नऊ. सहा. चार. पण ते नऊ महिने काही परत येत नाहीत हो, आणि रजा तर आजच संपली.

पण काल काय झालं... मी खोलीत आलो, चिमी ताटलीवर चमचा बडवत होती. तिनं वर बघितलं, मीच आहे म्हटल्यावर परत चमचा सुरू! एक सेकंदसुद्धा नाही! मी स्वयंपाकघराकडे धावलो, "अगं, ओळखलं! बघितलंच नाही तिनं माझ्याकडे!"

बायको भाजी चिरत होती, तिनंही मान वर केली नाही... तिची काय, बारा वर्षांची ओळख आहे.